पहिल्या पायरीवरचे कुलूप

अमेरिकेचा अध्यक्ष नोव्हेंबर महिन्यात निवडला जातो, एवढे आपल्याकडच्या शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. पण मतपत्रिकेवर ज्या दोघांची नावे ठळकपणे झळकतात, ती तिथवर पोचतात कशी, असे विचारले तर रोजचे वर्तमानपत्र बारकाईने वाचणारा माणूसही जरा चाचरतो. दोन्ही मोठ्या पक्षांची राष्ट्रीय अधिवेशने उन्हाळ्यात भरतात, राज्याराज्यांतून आलेले प्रतिनिधी तिथे मतदान करतात आणि पक्षाचा उमेदवार ठरतो. मग प्रश्न उरतो तो असा, की हे प्रतिनिधी कोण पाठवतो?

काही राज्यांत पक्षाच्या मतदारांसाठी रीतसर मतदान होते. त्याला प्रायमरी म्हणतात. काही राज्यांत मात्र सभा भरतात. एखाद्या शाळेच्या वर्गात, चर्चच्या तळघरात, गावच्या सभागृहात पक्षाचे लोक जमतात. ही सभा म्हणजे कॉकस. एका मतदान केंद्रापुरत्या वस्तीच्या या सभेने काउंटीच्या मेळाव्यासाठी प्रतिनिधी निवडायचे. काउंटी म्हणजे आपल्या तालुक्या-जिल्ह्यासारखा घटक. काउंटीने वरच्या मतदारसंघाच्या आणि राज्याच्या मेळाव्यासाठी निवडायचे आणि राज्याने शेवटी राष्ट्रीय अधिवेशनासाठी. अशी ही शिडी. वरच्या टोकाला अध्यक्षपदाचा उमेदवार आणि सगळ्यांत खालच्या पायरीवर शेजारीपाजारी जमलेली एक साधी सभा.

या खालच्या पायरीला हात लावायला मिळावा म्हणून एका बाईने घर गमावले, तुरुंगात मरेस्तोवर मार खाल्ला आणि अखेर देशाच्या सर्वांत बलाढ्य पक्षाला आपले नियम बदलायला लावले. बाईंचे शिक्षण जेमतेम सहा इयत्ता. व्यवसाय कापूस वेचण्याचा. नाव फॅनी लू हेमर.

कापसाच्या रानात

मिसिसिपी राज्यातल्या मॉन्टगोमेरी काउंटीत ६ ऑक्टोबर १९१७ रोजी फॅनीचा जन्म झाला. जेम्स आणि लू एला टाउनसेंड यांच्या वीस मुलांमधली ती सर्वांत धाकटी. ती दोन वर्षांची असताना कुटुंब सनफ्लॉवर काउंटीत आले. दूरवर पसरलेली काळी, सपाट जमीन, त्यावर कापूस, आणि जमिनीची मालकी गोऱ्यांची. गुलामगिरी कायद्याने संपून अर्धशतक लोटले होते, तरी काळ्या माणसाच्या वाट्याला अजून वाट्याची शेती होती. मालकाने जमीन, बी-बियाणे आणि उधारी द्यायची, कुळाने राबायचे, हंगामाच्या शेवटी पिकाचे दोन भाग करायचे आणि कुळाच्या भागातून सगळी उधारी वळती करून घ्यायची. हिशेबाची वही मालकाकडे.

मी आयुष्याची बरीच वर्षे बँकेत लोकांची खाती पाहण्यात घालवली. नोंद ठेवणारा एकच आणि समोरच्याला ती तपासण्याची सोय नाही, अशा ठिकाणी हिशेब कोणत्या बाजूला झुकतो, हे मला वेगळे समजावून द्यावे लागत नाही. टाउनसेंड कुटुंब वर्षभर राबे आणि वर्षाअखेर कर्जातच निघे.

फॅनी सहा वर्षांची असताना मळ्याच्या मालकाने तिला मळ्यावरच्या दुकानातल्या खाऊची लालूच दाखवली. आठवड्यात तीस पौंड कापूस वेचलास तर हवे ते घे, असे सांगितले. पोरीने वेचला. मग दर आठवड्याला आकडा वाढत गेला. तेराव्या वर्षी ती दिवसाला दोनशे ते तीनशे पौंड, म्हणजे नव्वद किलोंच्या वर कापूस वेचत होती. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे पायात थोडी लंगड होती, त्या पायावर. वऱ्हाडातल्या वाचकांना या आकड्याचा अर्थ सांगायला नको.

काळ्या मुलांची शाळा वर्षातून चारच महिने भरे, जेव्हा रानात काम नसे तेव्हा. फॅनीला वाचनाची गोडी लागली, पण सहा इयत्तांनंतर शाळा सुटली. एका वर्षी वडिलांनी पै-पै साठवून खेचरे आणि अवजारे घेतली. कुटुंब जरा वर येणार, तोच कोणा गोऱ्याने जनावरांच्या चाऱ्यात विष कालवले. खेचरे मेली, आणि टाउनसेंड पुन्हा होते तिथे आले.

१९४४ साली फॅनीने पेरी हेमर या ट्रॅक्टर चालवणाऱ्या मनमिळाऊ माणसाशी लग्न केले. पेरीला सगळे पॅप म्हणत. रूलव्हिल गावाजवळच्या मळ्यावर दोघांनी अठरा वर्षे काढली. फॅनीला लिहिता-वाचता येते असे पाहून मालकाने तिला हजेरी आणि वजनाच्या नोंदींचे काम दिले. तिथे तिच्या लक्षात आले, की तराजूचे वजनच खोटे आहे. ती आपले खरे वजन लपवून रानात नेई, मालक जवळपास नसला की ते काट्याला लावी आणि तो येताना दिसला की काढून घेई. पुढे हेमरबाईंनी जे काही केले, त्याची बीजे या काट्यापाशी सापडतात. मोजणारा प्रामाणिक नसेल तर राबणाऱ्याचे कष्ट वाया जातात, हे त्यांना राजकारणात येण्याआधीच कळले होते.

१९६१ साली पोटातली गाठ काढण्यासाठी त्या इस्पितळात गेल्या. डॉक्टरांनी त्यांना न विचारता, न सांगता गर्भाशयच काढून टाकले. गरीब काळ्या बायकांच्या बाबतीत असे तिकडे सर्रास घडे. पॅप आणि फॅनी यांनी दोन मुली आपल्या म्हणून वाढवल्या. त्यांतली मोठी १९६७ मध्ये वारली, तेव्हा तिच्या दोन लेकींनाही या आजी-आजोबांनी पदरात घेतले.

अठरा माणसांची बस

ऑगस्ट १९६२ मध्ये रूलव्हिलच्या एका चर्चमध्ये नागरी हक्कांसाठी झटणाऱ्या तरुणांची सभा झाली. काळ्या माणसालाही मतदार म्हणून नाव नोंदवण्याचा अधिकार आहे, हे हेमरबाईंनी त्या रात्री पहिल्यांदा ऐकले. वय चव्वेचाळीस. नाव नोंदवायला कोण येणार, असे विचारल्यावर त्यांनी हात वर केला.

३१ ऑगस्टला अठरा जण एका जुन्या बसने इंडियनोला या काउंटीच्या मुख्य गावी गेले. तिथे नोंदणी अधिकारी परीक्षा घेई. राज्यघटनेतले एखादे कलम उतरवायचे आणि त्याचा अर्थ लिहायचा. अर्थ बरोबर की चूक, हे अधिकारी ठरवणार. गोऱ्याला सोपे कलम आणि काळ्याला वकिलालाही घाम फोडील असे. हेमरबाई अर्थातच नापास झाल्या. परतीच्या वाटेवर पोलिसांनी बस अडवली. बसचा रंग जास्त पिवळा आहे, ती शाळेच्या बससारखी दिसते, हा गुन्हा! दंड शंभर डॉलर, तो घासाघीस होऊन तीसवर आला. बसमधल्या गरिबांनी खिसे झाडून पैसे जमवले. माणसे घाबरली होती. तेव्हा हेमरबाईंनी गायला सुरुवात केली. चर्चमध्ये कमावलेला तो भरदार आवाज पुढे सगळ्या चळवळीचा आधार झाला.

घरी पोचतात तो मालक दारात उभा. नोंदणीचा अर्ज मागे घे, नाहीतर मळा सोड, असे त्याने बजावले. अठरा वर्षांची नोकरी आणि घर त्या रात्री गेले. पॅपला हंगाम संपेपर्यंत तिथेच राबावे लागले. दहा दिवसांनी, १० सप्टेंबरला, त्या ज्या स्नेह्यांकडे उतरल्या होत्या त्या घरावर सोळा गोळ्या झाडल्या गेल्या. सुदैवाने त्या रात्री त्या तिथे नव्हत्या.

त्यांनी पुन्हा परीक्षा दिली आणि जानेवारी १९६३ मध्ये त्या उत्तीर्ण झाल्याचे कळले. पण मत द्यायला गेल्या तर मतदानपट्टीच्या मागच्या दोन वर्षांच्या पावत्या मागितल्या गेल्या. नावच आता नोंदले, तर मागच्या पावत्या कुठून आणणार?

जून १९६३ मध्ये एका प्रशिक्षण शिबिराहून परतताना विनोना गावच्या बस थांब्यावर त्यांना सहकाऱ्यांसह अटक झाली. तुरुंगात पोलिसांनी दोन काळ्या कैद्यांच्या हाती सोटा देऊन त्यांना या बाईला मारायला लावले. एक थकला की दुसरा. मूत्रपिंडाला कायमची इजा झाली, डोळ्यात रक्ताची गुठळी झाली. तीन दिवसांनी, १२ जूनला सुटका झाली, त्याच दिवशी जॅक्सन शहरात मेडगर एव्हर्स या नेत्याचा खून झाल्याची बातमी आली होती. मारहाण करणाऱ्या अधिकाऱ्यांवर खटला झाला. पंचमंडळ सगळे गोरे होते. सगळे सुटले.

बंद सभा आणि उघडी सभा

आता पुन्हा त्या शिडीकडे येऊ. मिसिसिपीत तेव्हा अध्यक्षपदासाठी प्रायमरी नव्हती. डेमोक्रॅटिक पक्षाचे प्रतिनिधी वस्तीची सभा, काउंटीचा मेळावा, मतदारसंघ आणि राज्य अशा क्रमाने निवडले जात. राज्यात रिपब्लिकन पक्ष नावापुरता होता. त्यामुळे सगळे काय ते डेमोक्रॅटिक पक्षाच्या आतच ठरे, आणि पक्षाच्या आत काळा माणूस नव्हता. राज्याच्या लोकसंख्येत काळे चाळीस टक्क्यांहून अधिक, पण मतदानाच्या वयाच्या दर शंभर काळ्यांत सात जणांचीही नोंदणी झालेली नव्हती.

एप्रिल १९६४ मध्ये चळवळीने मिसिसिपी फ्रीडम डेमोक्रॅटिक पार्टी स्थापन केली. डाव मोठा विचारपूर्वक आखलेला होता. आधी पक्षाच्या दारावर रीतसर थाप मारायची. दार उघडले नाही, तर पक्षाचेच नियम पाळून वेगळी सभा भरवायची आणि राष्ट्रीय अधिवेशनात जाऊन विचारायचे, की खरे प्रतिनिधी कोण?

१६ जून १९६४ रोजी राज्यभर वस्तीपातळीवरच्या सभा होत्या. काळे नागरिक ठरल्या जागी गेले. कुठे दाराला कुलूप, कुठे सभाच नाही, कुठे आत घेतले पण हात वर करू दिला नाही. कुठे गोऱ्यांच्या बहुमताने त्यांना गुंडाळून ठेवले. कोणाला किती मते पडली हा वादच उद्भवला नाही, कारण मोजणीच्या आधीच दरवाजा लावलेला होता. कॉकस पद्धतीची ताकद आणि तिचा धोका, दोन्ही या एका दिवसात दिसून येतात. शिडीच्या पहिल्या पायरीवर जो उभा राहू शकत नाही, त्याच्यासाठी वरच्या सगळ्या पायऱ्या असून नसल्यासारख्या.

मग नव्या पक्षाने आपली शिडी उभारली. तिला कुलूप नव्हते. गोरा असो वा काळा, कोणीही यावे. वस्तीच्या सभा झाल्या, काउंटीचे मेळावे झाले. हे चालू असतानाच २१ जूनला तीन तरुण कार्यकर्ते बेपत्ता झाले. ४ ऑगस्टला मातीच्या बांधाखाली त्यांची प्रेते सापडली. दोनच दिवसांनी, ६ ऑगस्टला, जॅक्सनमध्ये राज्य अधिवेशन भरले आणि सुमारे अडीच हजार लोक आले. त्यांनी पर्यायी सदस्य धरून अडुसष्ट प्रतिनिधी निवडले. चौघे गोरे, बाकी काळे. शेतमजूर, शिक्षक, न्हावी, शिवणकाम करणाऱ्या बायका. प्रतिनिधी मंडळाच्या उपाध्यक्ष झाल्या हेमरबाई.

अटलांटिक सिटी

न्यू जर्सी राज्यातल्या अटलांटिक सिटीत समुद्रकाठी डेमोक्रॅटिक पक्षाचे अधिवेशन होते. लिंडन जॉन्सन यांची उमेदवारी निश्चित होती. त्यांना कोणतीही गडबड नको होती. जुलैत त्यांनी नागरी हक्कांच्या कायद्यावर सही केली होती आणि दक्षिणेतले गोरे डेमोक्रॅट आधीच बिथरले होते. काळ्यांच्या मंडळाला बसवले तर दक्षिणेची राज्ये उठून जातील, अशी त्यांना धास्ती होती.

कोणाला सभागृहात बसू द्यायचे, हे अधिकारपत्रे तपासणारी समिती ठरवते. सुमारे शंभरांहून थोड्या जास्त सदस्यांची ही समिती. नियम असा होता, की अकरा सदस्यांनी वेगळे मत नोंदवले तर प्रश्न खुल्या अधिवेशनात नेता येतो, आणि आठ राज्यांनी मागणी केली तर राज्यवार मतदान घ्यावे लागते. अकरा आणि आठ. एवढे दोन आकडे जमले, की सारा देश टीव्हीवर पाहत असताना प्रत्येक राज्याला मिसिसिपीबद्दल उभे राहून बोलावे लागले असते.

२२ ऑगस्टला हेमरबाई समितीपुढे बसल्या. हाती कागद नाही. आपले नाव, गाव सांगून त्यांनी इंडियनोलाची बस सांगितली, मालकाचे फर्मान सांगितले, विनोनाचा तुरुंग सांगितला. शेवटी त्यांनी देशाला एवढेच विचारले, की माणसासारखे जगू पाहणाऱ्यांना रात्री फोनचा रिसीव्हर काढून झोपावे लागते, असा हा कसला स्वतंत्र देश? व्हाइट हाउसमध्ये जॉन्सन ते पाहत होते. त्यांनी घाईघाईने पत्रकारांना बोलावले आणि वाहिन्यांचे कॅमेरे तिकडे वळले. साक्ष अर्धवट तुटली. पण युक्ती अंगलट आली. रात्रीच्या बातम्यांत वाहिन्यांनी ती साक्ष दाखवली आणि दुपारी कामात असलेली कुटुंबे तेव्हा टीव्हीपुढे होती. समितीकडे तारांचा ढीग पडला.

दोन खुर्च्या

तोडग्यासाठी खटपटी सुरू झाल्या. ओरेगॉनच्या खासदार एडिथ ग्रीन यांनी सुचवले, की पक्षाशी निष्ठेची शपथ घेतील त्या दोन्ही मंडळांतल्या प्रतिनिधींना बसवावे आणि राज्याची मते त्यांच्यात संख्येच्या प्रमाणात वाटावी. हे गणित सरळ होते आणि नव्या पक्षाला मान्यही होते. जॉन्सन यांना ते नको होते. उपाध्यक्षपदाच्या आशेवर असलेले ह्यूबर्ट हम्फ्री आणि त्यांचे तरुण सहकारी वॉल्टर माँडेल कामाला लागले. समितीतल्या एकेका सदस्यावर दबाव आला. अकराचा आकडा हळूहळू घसरला.

शेवटी जो प्रस्ताव आला तो असा. नव्या पक्षाला दोन जागा. त्याही मिसिसिपीच्या नव्हेत, सर्वसाधारण. त्यांवर कोण बसणार हेही वरूनच ठरलेले. एक ॲरन हेन्री, दुसरे एड किंग. एक काळा, एक गोरा. गोऱ्यांच्या जुन्या मंडळाने निष्ठेची शपथ घेऊन बसावे. आणि यापुढे, १९६८ पासून, भेदभाव करून निवडलेले मंडळ अधिवेशनात घेतले जाणार नाही.

घ्यावे की नाकारावे? घ्या म्हणणारे काही शत्रू नव्हते. अनुभवी कार्यकर्ते बायर्ड रस्टिन तसे सांगत होते. मार्टिन ल्यूथर किंग यांचाही कल तिकडेच होता. त्यांचा हिशेब असा, की समोर नागरी हक्क कायद्याला विरोध केलेले बॅरी गोल्डवॉटर उभे आहेत, जॉन्सन यांना दुबळे करणे परवडणारे नाही, आणि पुढच्या अधिवेशनाबद्दलचे वचन ही लहान मिळकत नव्हे. राजकारणात आज मिळेल ते पदरात पाडून घ्यावे, हा शहाणपणा आपल्यालाही अपरिचित नाही.

हेमरबाई ठाम राहिल्या. दोन जागांसाठी आम्ही एवढ्या लांब आलो नाही, असे त्यांचे म्हणणे. त्यात हट्ट होता असे वरवर वाटते, पण मुद्दा आकड्याच्या पलीकडचा होता. अडुसष्ट माणसे खालच्या सभेतून पायरीपायरीने निवडून वर आली होती. दोन माणसे वरच्यांनी नावे घेऊन उचलली होती. ज्या पद्धतीविरुद्ध आपण भांडतो आहोत, तीच पद्धत बक्षीस म्हणून कशी घ्यायची? आणि बाकीच्या सहासष्टांनी गावी जाऊन, ज्यांनी जीव धोक्यात घालून हात वर केला त्यांना काय सांगायचे? मंडळाने प्रस्ताव फेटाळला.

गंमत पुढेच आहे. जुन्या गोऱ्या मंडळानेही शपथ घ्यायला नकार दिला आणि मोजके अपवाद सोडता सगळे उठून गेले. मिसिसिपीच्या खुर्च्या रिकाम्या पडल्या. नव्या पक्षाचे लोक इतर राज्यांच्या स्नेह्यांकडून पास मागून आत शिरले आणि त्या खुर्च्यांवर जाऊन बसले. नोव्हेंबरात जॉन्सन देशभर प्रचंड मतांनी जिंकले, पण मिसिसिपीत सत्याऐंशी टक्के मते गोल्डवॉटर यांना पडली. ज्यांना सांभाळण्यासाठी एवढा आटापिटा केला, ते जॉन्सन यांना मिळालेच नाहीत.

नवे नियम, नवे गणित

१९६५ च्या जानेवारीत हेमरबाई आणि त्यांच्या दोन सहकारी स्त्रियांनी मिसिसिपीच्या खासदारांच्या निवडीलाच प्रतिनिधीगृहात आव्हान दिले. सप्टेंबरमध्ये ते २२८ विरुद्ध १४३ मतांनी फेटाळले गेले. पण मधल्या काळात, ६ ऑगस्ट १९६५ रोजी, मतदान हक्क कायदा झाला आणि कलमाचा अर्थ लिहिण्याची ती परीक्षा इतिहासजमा झाली.

१९६४ चे वचनही वाया गेले नाही. १९६८ च्या शिकागो अधिवेशनात मिसिसिपीच्या जुन्या मंडळाला दार बंद झाले आणि काळ्या-गोऱ्यांचे एकत्र मंडळ बसले. हेमरबाई आपल्या खुर्चीकडे आल्या तेव्हा सभागृह उभे राहिले. म्हणजे प्रस्ताव घ्या म्हणणाऱ्यांचा हिशेबही अगदीच चुकला नव्हता. मात्र नकाराची धार नसती, तर ते वचन चार वर्षांनी कोणाला आठवले असते का, याची शंका येते.

त्याच शिकागोत दुसरा प्रश्न पेटला. व्हिएतनामच्या युद्धावरून देश दुभंगलेला असताना हम्फ्री एकही प्रायमरी न लढवता उमेदवार झाले. चौकशीत दिसले, की एक तृतीयांशाहून जास्त प्रतिनिधी १९६८ साल उजाडण्यापूर्वीच ठरलेले होते. कुलूप फक्त मिसिसिपीत नव्हते, इतरत्र ते जरा सभ्य बनावटीचे होते, एवढेच. सिनेटर जॉर्ज मॅकगव्हर्न आणि खासदार डोनाल्ड फ्रेझर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आयोगाने नियम घातले. सभेची वेळ आणि जागा आधी जाहीर करा, नियम लेखी ठेवा, निवड त्याच वर्षी करा, दुसऱ्याच्या नावाने मत टाकू देऊ नका, काळे, स्त्रिया, तरुण यांना वाटा द्या. प्रतिनिधींची वाटणी मतांच्या प्रमाणात व्हावी, हे तत्त्वही पुढे डेमोक्रॅटिक पक्षात रुजले.

सभा उघडी झाली. आता गणित कसे चाले ते आयोवा राज्याच्या उदाहरणाने पाहू. १९७२ पासून तिथली डेमोक्रॅटिक कॉकस देशात पहिली होऊ लागली आणि पुढची अनेक वर्षे पहिली राहिली. समजा एका वस्तीच्या सभेला शंभर माणसे आली आणि त्या वस्तीला काउंटीच्या मेळाव्यात पाच जागा आहेत. लोक आपापल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात उभे राहतात. एकाकडे बेचाळीस, दुसऱ्याकडे तीस, तिसऱ्याकडे अठरा आणि चौथ्याकडे दहा. पंधरा टक्क्यांखालचा गट टिकत नाही. मग त्या दहा जणांची मनधरणी सुरू होते. समजा त्यांतले तिघे पहिल्याकडे आणि सात तिसऱ्याकडे गेले. आता पंचेचाळीस, तीस आणि पंचवीस. प्रत्येक गटाला पाचाने गुणून शंभराने भागायचे. उत्तरे येतात सव्वादोन, दीड आणि सव्वा. माणूस अर्धा पाठवता येत नाही, म्हणून पूर्णांक करायचा. दोन, दोन आणि एक. म्हणजे पंचेचाळीस माणसांचे दोन प्रतिनिधी आणि तीस माणसांचेही दोनच. शिवाय पाच हा आकडा आधीच्या निवडणुकांतल्या मतांवरून ठरलेला. सभेला शंभराऐवजी चारशे माणसे आली तरी जागा पाचच.

अशा अपूर्णांकांची बेरीज राज्यभर होते आणि तिच्यावर उमेदवार चढतात-पडतात. २००८ साली बराक ओबामा यांना आयडाहो या विरळ वस्तीच्या राज्यातल्या कॉकसमधून पंधरा प्रतिनिधी मिळाले आणि हिलरी क्लिंटन यांना तीन. फरक बाराचा. त्याच दिवशी न्यू जर्सीच्या प्रायमरीत क्लिंटन यांना एकोणसाठ आणि ओबामांना अठ्ठेचाळीस. फरक अकराचा. आयडाहोत सभांना आलेली माणसे एकवीस हजारांच्या आसपास, न्यू जर्सीत मतदान करणारे दहा लाखांहून जास्त. ओबामांच्या माणसांनी कॉकसचे गणित नीट मांडले होते. आणि या साऱ्याची सुरुवात झाली होती ३ जानेवारी २००८ रोजी आयोवात. जिथे शंभरांत नव्वदांहून अधिक लोक गोरे, त्या राज्यातल्या शाळांच्या वर्गांत शेजारी जमले आणि त्यांनी एका काळ्या उमेदवाराला पहिला नंबर दिला.

तरी कॉकसचा एक दोष नियमांनी गेला नाही. सभा ठरल्या वेळी, बहुधा संध्याकाळी, आणि दोन-दोन तास चालणारी. रात्रपाळीची परिचारिका, तान्हे मूल असलेली आई, अंथरुणाला खिळलेले आजोबा, दुकान सोडून न येऊ शकणारा नोकर, यांच्यासाठी दार उघडे असूनही बंदच. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत कापूस वेचणाऱ्या बाईला अशा सभेला कितीदा जाता आले असते? नव्या नियमांची कटकट टाळण्यासाठी असो किंवा जास्त लोकांना संधी मिळावी म्हणून असो, १९७२ नंतर एकामागून एक राज्ये प्रायमरीकडे वळली. मिसिसिपीही वळले. २०२० मध्ये आयोवात निकाल कळवण्याचे मोबाइल ॲप बिघडले, आकडे दिवसेंदिवस लागेनात, आणि २०२४ साली डेमोक्रॅटिक पक्षाने पहिल्या क्रमांकाचा मान साउथ कॅरोलिनाच्या प्रायमरीला दिला. तिथल्या पक्षाच्या मतदारांत काळ्यांचे प्रमाण मोठे आहे.

अखेरची वर्षे

हेमरबाईंना पुढे पदे मिळाली नाहीत. १९७१ मध्ये त्या राज्याच्या सिनेटसाठी उभ्या राहिल्या आणि पडल्या. त्याच वर्षी स्त्रियांना राजकारणात आणण्यासाठी जी राष्ट्रीय संघटना स्थापन झाली, तिच्या संस्थापकांत त्या होत्या. पण त्यांचे मन जमिनीत होते. मत मिळाले, तरी ज्याची चूल मालकाच्या हातात आहे तो निर्भयपणे मत देणार कसा, हा त्यांचा सवाल. १९६९ मध्ये त्यांनी सनफ्लॉवर काउंटीत चाळीस एकरांपासून सहकारी शेती सुरू केली. भाजीपाला आधी गरजूंच्या घरी जाई. जोडीला डुकरांची बँक काढली. कुटुंबाला गाभण डुकरीण द्यायची, पिल्ले झाली की त्यांतली काही बँकेला परत, ती पुढच्या कुटुंबाला. व्याजाचा एवढा सरळ हिशेब मी माझ्या नोकरीत पाहिला नाही. पैशांअभावी आणि पिकांच्या नुकसानीमुळे ही सहकारी शेती काही वर्षांनी बंद पडली.

शरीर विनोनाच्या तुरुंगातून पुरते बाहेर आलेच नव्हते. रक्तदाब, मूत्रपिंडाचा विकार, नंतर कर्करोग. नोव्हेंबर १९७६ मध्ये जिमी कार्टर अध्यक्ष झाले. आयोवाच्या कॉकसमधून ते प्रथम देशाच्या नजरेत भरले होते, आणि शेवटी मिसिसिपीही त्यांनी थोड्या मतांनी जिंकले. काळ्या मतदारांवाचून तो विजय शक्य नव्हता. चारच महिन्यांनी, १४ मार्च १९७७ रोजी, माउंड बायू गावच्या इस्पितळात हेमरबाई वारल्या. वय एकोणसाठ. शिल्लक म्हणावी अशी काही नव्हती.

रूलव्हिलला आज त्यांचा पुतळा आहे. जानेवारी २०२५ मध्ये त्यांना मरणोत्तर राष्ट्राध्यक्षांचे स्वातंत्र्य पदक, म्हणजे अमेरिकेचा सर्वोच्च नागरी सन्मान, देण्यात आला. ज्या पक्षाने त्यांच्या मंडळाला दोन खुर्च्या देऊ केल्या होत्या, त्याच पक्षाच्या अध्यक्षाने तो दिला. पुढच्या वेळी अमेरिकेतून प्रतिनिधींचे आकडे येऊ लागतील, अमक्याला इतके आणि तमक्याला तितके असे छापून येईल, तेव्हा त्या आकड्यांमागची सभा कुठे भरली होती आणि तिला कोणाला जाता आले, एवढे जरूर विचारावे. हेमरबाईंनी मळ्यावरच्या तराजूपाशी नेमके हेच पाहिले होते. बेरीज बघण्याआधी त्या वजन बघत.